डिझेल गाडीला जादा टाकी बसवायची असेल तर वेल्डिंगवाल्याकडं जायच्या आधी हे वाचा

मी लातूरला डिझेल पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनात डिझेल दाबानं फवारणाऱ्या भागांचं, काम करतो. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, हार्वेस्टर, डिझेलवर चालणाऱ्या सगळ्याचा पंप कधी ना कधी माझ्या टेबलावर येतो. त्यामुळं जादा टाकी बसवलेल्या गाड्या मी नेहमी उलट्या बाजूनं बघितल्यात, म्हणजे टाकी बसवून सहा-आठ महिने झालेत, नोझल गेलेत आणि गाडी टोचन करून दारात आणलीय, अशा वेळी. टाकीचा पत्रा चांगला असतो, रंग चकाचक असतो, झाकणाला कुलूप असतं, पण आतलं डिझेल इंजिनापर्यंत कसं जाणार आणि त्याच्या जागी हवा कुठून येणार याचा विचार कुणी केलेला नसतो. म्हणून हे सविस्तर लिहायलोय.

२०२४ च्या जानेवारीत पहिल्या दोन दिवसांत ट्रक ड्रायव्हरांनी नव्या हिट अँड रन कायद्याच्या विरोधात चाकं थांबवली तेव्हा पंपापंपावर रांगा लागल्या, कितीतरी पंप कोरडे पडले, तेव्हापासून जादा टाकीबद्दल विचारणारे एकदम वाढले. आमचे दाजी त्यातलेच. त्यांचं हार्वेस्टर मशीन आहे, सोयाबीन झालं की पुढं हरभरा, गहू, असं मशीन गावोगाव फिरतं आणि मागं यांची बोलेरो कॅम्पर. मुक्काम कुठल्यातरी शिवारात, रात्री पार्ट आणायला पळायचं, पंप तीस-चाळीस किलोमीटरवर. त्यांच्या गाडीला टाकी बसवताना जे केलं तेच खाली सांगतो, आणि जिथं चुकलो तेही.

आधी बघा, खरंच लागतीय का

वर्षातून दोनदा लांब जाणार असाल तर टाकी बसवू नका. वीस लिटरचे दोन पत्र्याचे चांगले कॅन घ्या, रबरी वॉशरचं घट्ट झाकण असलेले, ते हौद्यात, म्हणजे मागच्या उघड्या भागात, नाहीतर बाहेरच्या कॅरिअरला पट्ट्यानं करकचून बांधा, आणि प्रत्येकात एकोणीस लिटरच भरा. झाले अडतीस लिटर, गाडीला एक भोक पाडायची गरज नाही. माणसं बसतात तिथं, सीटच्या मागं वगैरे मात्र ठेवायचे नाहीत. मनालीहून लेहला जाताना तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे, तिथून पुढं कितीतरी लोक असेच कॅन घेऊन जातात. आपल्या इकडं तर सोलापूर-धुळे रस्त्यावर नाहीतर नांदेड-लातूर-तुळजापूर पट्ट्यात पंपांची कमी नाही. समृद्धीवर सुरुवातीला पंप कमी होते म्हणून लोक घाबरायचे, पण एवढ्यासाठी कुणी टाकी बसवायची नसतीय.

ज्याची गाडी रोज आडरानात, शिवारात, साईटवर असते त्याचा विषय वेगळा. त्यानं आधी हिशोब करायचा. गाडीच्या स्क्रीनवरचं ॲव्हरेज धरू नका. पंपावर नोझल आपोआप कट होईपर्यंत भरा, तीनशे किलोमीटर नेहमीच्या लोडनं चालवा, परत त्याच पंपावर तसंच भरा, किलोमीटर भागिले लिटर. दाजींची गाडी भरल्या हौद्यानं बाराचं देती. मेन टाकीतलं रिझर्व्ह सोडून पन्नास लिटर वापरता येतंय असं धरलं तर सहाशे किलोमीटर झाले. त्यात ४५ लिटर जादा म्हणजे अजून पाचशे चाळीस. याच्यापेक्षा मोठी टाकी कशाला पाहिजे? लोक एकदम शंभर लिटरची मागतात. शंभर लिटर डिझेल म्हणजे त्र्याऐंशी किलोच्या आसपास वजन, वर टाकीचं वेगळं, आणि ते कायम मागच्या पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगांवर. ४५ लिटरला डिझेल सदतीस किलो आणि २ मिमी पत्र्याची टाकी साधारण सतरा किलो, मिळून एक माणूस बसल्यासारखं. एवढं गाडी सहज ओढते.

कागदाचं काम, हे टाळू नका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या गाडीत असा बदल करता येत नाही की आरसीवरच्या नोंदी आणि गाडी जुळणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं, त्यात मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं आहे. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि सीटची संख्या असते, म्हणून मागची सीट काढून तिथं टाकी ठेवणं हा तर सरळ सरळ गुन्हा होतो.

दाजी म्हणले, "सगळेच बसवतेत, कोण बघतंय?" मी म्हणलं, दाजी, रस्त्यावर पोलीस बघणार नाही, पण उद्या गाडीला आग लागली, कुणाला काही झालं, तर इन्शुरन्सवाला सगळ्यात आधी तेच बघणार. मग आम्ही टाकीचं मापासहित चित्र काढलं, वजन लिहिलं, कुठं बसणार ते लिहिलं, आरटीओत लेखी अर्ज दिला, आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत गाडीला ड्रिल लावलं नाही. इन्शुरन्स कंपनीलाही पत्र देऊन पोच घेतली. उत्तर नकाराचं आलं तर विषय तिथंच सोडायचा आणि कॅनवर भागवायचं. गाडी वॉरंटीत असेल तर हा लेख बंद करा, वॉरंटी संपल्यावर परत वाचा. आणि बीएस-सहाच्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या, गाडीत अजून एक गोष्ट, सायलेन्सरच्या लाईनीत काजळीचा फिल्टर असतो, तो स्वतःला साफ करताना सहाशे अंशाच्या आसपास तापतो, त्याच्या जवळपास टाकी नाही, पाईप नाही, वायरही नाही.

डिझेल इंजिनाला कसं द्यायचं, इथंच सगळं ठरतं

तीन पद्धती दिसतात.

पहिली, जादा टाकी उंचावर ठेवून खालून पाईपनं मेन टाकीला जोडायची, डिझेल आपोआप उतरतंय. स्वस्त आहे आणि मला ती अजिबात आवडत नाही, कारण खालचा पाईप दगडानं कापला किंवा क्लॅम्प ढिला झाला की अख्खी टाकी रस्त्यावर, आणि मेन टाकी भरली तरी वरून डिझेल येतच राहतं, ते मग झाकणातून बाहेर येतं.

दुसरी, मधी कॉक बसवून इंजिन कधी या टाकीवर कधी त्या टाकीवर चालवायचं. जुन्या गाड्यांत लोक हेच करायचे. यात एक मोठी गोम आहे. डिझेल इंजिन जेवढं डिझेल ओढतं तेवढं सगळं जाळत नाही, बरंचसं गरम होऊन रिटर्न लाईननं परत टाकीत जातं, कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलला एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनात, तर लईच. आता तुम्ही फक्त जाणारी लाईन फिरवली आणि रिटर्न तशीच मेन टाकीला ठेवली, तर इंजिन जादा टाकीतून ओढणार आणि मेन टाकीत सोडणार. जादा टाकी तासाभरात रिकामी, मेन टाकी ओसंडून वाहायलीय, आणि ड्रायव्हरला वाटतंय ॲव्हरेज कमी झालं. म्हणून दोन्ही लाईनी एकदम फिरवणारा सहा तोंडांचा व्हॉल्व लागतो. तो बसवला तरी कॉक फिरवताना जर टाकी रिकामी असली की इंजिन हवा पकडतं, मग बोनेट उघडून हातपंप मारत बसा.

तिसरी पद्धत म्हणजे इंजिनाच्या लाईनीला हातच लावायचा नाही. जादा टाकीतलं डिझेल छोट्या १२ व्होल्टच्या पंपानं मेन टाकीत टाकायचं, बस. गाडीला कळतसुद्धा नाही की कुठून आलं, जणू तुम्ही चालता चालता पंपावर भरलं. कंपनीचा फिल्टर, कंपनीची लाईन, कंपनीचा रिटर्न सगळं जसंच्या तसं. कॉमन रेलमध्ये दाब सोळाशे-दोन हजार बारपर्यंत जातो, आणि नोझलच्या आतल्या फटी केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, तिथं आपण बाजारातल्या पितळी कॉकचे प्रयोग करायचे नसतात. दाजींच्या गाडीला हीच केली आणि मी कुणालाही हीच सांगतो.

टाकी

पत्रा २ मिमीचा सीआर (साधा गुळगुळीत लोखंडी पत्रा), म्हणजे १४ गेजच्या जवळपासचा, नाहीतर स्टेनलेस ३०४, नाहीतर ३ मिमी ॲल्युमिनियम. गॅल्व्हनाईज, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला (जीआय) पत्रा कधीच नाही. हे मी जरा जोर देऊन सांगतो कारण सगळ्यात जास्त नुकसान याच्यानं बघितलंय. जस्त डिझेलमध्ये हळूहळू विरघळतं, त्याचा साबणासारखा थर तयार होतो आणि तो जाऊन नोझलच्या तोंडाशी बसतो. मागच्या साली एक सुमो आली होती, उचलायला गेली की काळा धूर, सुरू व्हायला पाच वेळा सेल मारावा लागायचा. नोझल उघडले तर टोकावर राखाडी-पिवळट मेणकट काहीतरी, नखानं खरवडलं तर नखात भरायचं. मालकाला विचारलं तर म्हणला, गंजू नये म्हणून मुद्दाम जीआयच्या पत्र्याची टाकी केली होती. चारी नोझल गेले. तांबं-पितळही टाकीत नको, तांब्यानं डिझेल लवकर खराब होतं.

माप आमचं ६० बाय ४० बाय २० सेंटीमीटर, पोटात ४८ लिटर. भरायचं ४५ च. डिझेल तापलं की फुगतं, पहाटे गार डिझेल भरलं आणि दुपारी टाकी पंचवीस अंशांनी तापली तर ४५ लिटरचं जवळपास एक लिटर वाढतंय, त्याला जागा पाहिजे. आत एक आडवा पडदा घाला, कोपरे कापलेला आणि भोकं पाडलेला, नाहीतर ब्रेक मारला की सदतीस किलोची लाट पुढच्या पत्र्यावर आदळते आणि वेल्डिंग तिथंच चिरतं. डिझेल ओढायचा पाईप वरून आत घ्या, तळापासून बोटभर वर संपलेला, म्हणजे तळाचा गाळ-पाणी ओढलं जात नाही. तळाला एका कोपऱ्यात खोलगट करून ड्रेन बोल्ट.

टाकी नवीन पत्र्याचीच करून घ्या. जुना डिझेलचा बॅरल किंवा जुनी टाकी कापून-जोडून करू नका. रिकाम्या दिसणाऱ्या बॅरलमध्ये वाफ असते, वेल्डिंगची ठिणगी लागली की फुटतो आणि समोरचा माणूस जातो. धुतलाय म्हणलं तरी नाही. मिस्त्री ऐकत नसेल तर दुसरा मिस्त्री बघा.

वेल्डिंग झालं की आत खपली आणि बारीक मणी राहतात. आम्ही टाकीत बोटभर लांबीचे साखळीचे तुकडे आणि दोन लिटर डिझेल टाकून, तोंडं बंद करून, दोघांनी दोन बाजूंनी धरून पंधरा मिनिटं हलवली. पहिल्यांदा जे बाहेर आलं ते चहासारखं काळं. तीनदा धुतली, तिसऱ्यांदा पांढऱ्या धोतराच्या फडक्यातून गाळलं तेव्हा फडक्यावर काही दिसेना, मग थांबलो. आतून रंग लावायचा नाही, तो सुटून येतो. बाहेरून रेड ऑक्साईड आणि वर रंग.

गळती बघायला टायरचा कॉम्प्रेसर लावू नका. ६० बाय ४० चा पत्रा म्हणजे २४०० चौरस सेंटीमीटर, त्यावर दर चौरस सेंटीमीटरला एक किलोचा दाब म्हणजे चोवीसशे किलोचा धक्का, टाकी फुग्यासारखी होती. गवंडी वापरतेत ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, यू आकारात भिंतीला बांधा, त्यात पाणी भरा, एक टोक टाकीला जोडा, बाकीची तोंडं बंद करा आणि सायकलच्या पंपानं हळूहळू हवा द्या. दोन्ही बाजूंच्या पाण्यात एक मीटरचा फरक पडला की थांबा, तो ०.१ किलोचा दाब झाला, तेवढा पुरे. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावा, आणि तासभर सोडा. सावलीत करा, उन्हात हवा तापून पाणी वरखाली होतं आणि उगीच घोटाळा. आमचं पाणी वीस मिनिटांत चार बोटं उतरलं. झाकणाच्या गळ्यापाशी सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं, बुडबुडे बघूनच.

बसवायची कुठं

माणसं बसतात त्या जागेत नाही, ही एक गोष्ट पक्की. कॅम्पर-पिकअपला हौद्यात केबिनच्या मागच्या भिंतीला लागून आडवी ही सगळ्यात चांगली जागा, वजन मागच्या एक्सलच्या पुढं राहतं आणि मागून धडक बसली तर टाकी लांब असते. बंद बॉडीच्या गाडीला खाली चेसिसला जागा असेल तरच बघा, सायलेन्सरपासून हातभर अंतर, मधी पत्र्याचा आडोसा, आणि चेसिसच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या वरच.

उन्हाचं लोक मनावर घेत नाहीत. डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही म्हणून आपण बिनधास्त असतो, पण आपल्याकडच्या डिझेलचा वाफ पेटायचा बिंदू किमान ३५ अंश धरलेला असतो, आणि परभणीला मे महिन्यात हवाच बेचाळीस-त्रेचाळीस असते, उन्हात उभ्या हौद्याचा पत्रा हात लावू देत नाही. म्हणजे टाकीतलं डिझेल त्या बिंदूच्या वर असू शकतं. टाकीवर वरून पत्र्याचं झाकण करा, मधी दोन बोटं हवा खेळायला मोकळी, आणि भरताना विडी-सिगारेट, मोबाईल लांब.

बांधायला ४० मिमी रुंदीच्या दोन लोखंडी पट्ट्या, खाली रबर, आणि १० मिमीचे ८.८ ग्रेडचे चार बोल्ट. अपघातात वजन वीस पटीनं ओढतंय असं धरून चाला, पंचावन्न किलोची टाकी त्या क्षणाला अकराशे किलोची होते, हौद्याच्या पातळ पत्र्यात नुसता वॉशर लावला तर बोल्ट पत्रा फाडून निघतो. खालून ५ मिमीची प्लेट द्या किंवा हौद्याच्या चॅनलमधून बोल्ट घ्या. चेसिसला वेल्डिंग नको. भोक पाडायचंच झालं तर उभ्या भागात मधोमध, वरच्या-खालच्या कडेला कधीच नाही. आणि टाकी रबरावर बसली म्हणजे गाडीच्या बॉडीपासून तुटली, म्हणून एक वेणीची अर्थ वायर टाकीपासून चेसिसला द्या. आताचं दहा पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) एवढ्या कमी गंधकाचं डिझेल वाहताना स्थिर वीज जास्त धरून ठेवतं, तिला जायला वाट पाहिजे.

पाईप, पंप, वायर

क्रम असा ठेवा, टाकीतून वरून निघालेला पाईप, त्याला लगेच हातानं बंद होणारा बॉल व्हॉल्व, मग डिझेलातलं पाणी वेगळं काढणारा पारदर्शक वाटीचा वॉटर सेपरेटर, मग पंप, मग विजेवर उघडणारा आणि वीज गेली की आपोआप बंद होणारा सोलेनॉईड व्हॉल्व, मग मेन टाकीच्या भरायच्या नळ्याला जोड. सोलेनॉईड कशाला, तर जादा टाकी वर आणि मेन टाकी खाली, पंप बंद केला तरी सायफन चालूच राहतं. हे आम्ही पहिल्यांदा बसवलं नव्हतं. मांजरसुंब्याच्या घाटात उतारावर गाडी लावून चहाला थांबलो, येऊन बघतो तर मेन टाकीच्या झाकणापासून खाली मातीत ओली रेघ. पाच-सहा लिटर तरी गेलं असेल, आणि रस्त्यावर डिझेल म्हणजे मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव. माती टाकून झाकलं, आल्याआल्या सोलेनॉईड घेतला.

मेन टाकीला जोडायला गाडीचा कुठलाच भाग वेल्ड करायचा नाही. भरायच्या नळ्यात मधी रबरी होज असतो, तो मधून कापून लेथवाल्याकडून स्टीलचा तुकडा करून घ्या, बाजूला १० मिमीची टुटी असलेला, दोन्हीकडून चांगले क्लॅम्प. पाईप डिझेलसाठीचाच तेलरोधक रबराचा, आतून ८ मिमी. पाण्याची पारदर्शक नळी चार महिन्यांत कडक होऊन चिरते. पाईप जिथं पत्र्यातून जातो तिथं ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला रबरी कडी, आणि दर फूटभर अंतरावर क्लिप.

पंप मोठा घेऊ नका. बॅरलमधून मिनिटाला चाळीस लिटर काढणारे पंप बाजारात असतात, ते लावले तर नळ्यातून डिझेल उलटं उसळून बाहेर येतं. तासाला शंभर लिटरवाला टकटक करणारा छोटा पंप बास. त्याला इग्निशनवरून रिले, ५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या जवळ, दीड एमएमची वायर, डॅशबोर्डवर लाल दिवा, आणि वीस मिनिटांचा टायमर. टायमर हा या सगळ्या कामाचा जीव आहे. वीस मिनिटांत साधारण तेहतीस लिटर जातंय. नियम एकच, मेन टाकीचा काटा पावच्या खाली आला की बटण दाबायचं. पाव टाकी म्हणजे पंधरा लिटरच्या आत, वर तेहतीस, झाले अठ्ठेचाळीस. ड्रायव्हर फोनवर बोलत बसला, विसरला, झोपला तरी मेन टाकी ओसंडत नाही. उरलेलं दहा-बारा लिटर पुढच्या वेळी काटा खाली आला की टाकायचं, तेव्हा पंपाची टकटक एकदम जलद झाली म्हणजे टाकी संपली, बटण बंद करा, पंप कोरडा चालवू नका.

ब्रीदर

ब्रीदर म्हणजे टाकीत हवा यायची-जायची नळी. याच्यावर लोक शेवटी पाच मिनिटं देतात, पण टाकीतून डिझेल निघालं की तेवढीच हवा आत यायला पाहिजे. टाकीच्या सगळ्यात वरच्या कोपऱ्यातून ८ मिमीचा पाईप, आधी वर चढवून वळसा द्यायचा, मग हौद्याच्या खाली सोडायचा, तोंड खाली आणि मागं, सायलेन्सरच्या उलट्या बाजूला. वळशाच्या वर गाडी उलटली की बंद होणारा व्हॉल्व मिळतो, तो घाला. आणि तोंडाला बारीक स्टेनलेसची जाळी.

जाळी आम्ही नंतर बसवली. हंगाम संपल्यावर गाडी दोन महिने शेडमध्ये उभी होती, सुरू केली तर पंप टकटक करायलाय, दिवा लागलाय, आणि मेन टाकीचा काटा हलेना. दाजींनी फोन केला, "पंप गेला बघ." फिल्टर बघितला, स्वच्छ. शेवटी टाकीचं झाकण थोडं फिरवलं तर सूंऽऽ करून हवा आत गेली, आणि पंप लगेच चालायला लागला. ब्रीदरचं तोंड बघितलं तर कुंभारमाशीनं मातीनं पक्कं लिंपलेलं, आत घर केलेलं. तारेनं काढली माती. तेव्हापासून गाडी उभी राहिली की आधी ब्रीदर बघायचा.

पहिल्यांदा सुरू करताना

पाच लिटरच टाका. टाकीच्या खाली, जोडांच्या खाली पुठ्ठा अंथरा, रात्रभर सोडा, सकाळी पुठ्ठ्यावर डाग दिसतो. मग पंप चालवा, सेपरेटरच्या वाटीत काय आलं ते बॅटरीच्या उजेडात बघा, काळे कण असतील तर टाकी परत धुवा, आळस करू नका. मग अर्धी भरा, बांधावर नाहीतर घाटात उतारावर गाडी लावा, तोंड वर, तोंड खाली, दोन्हीकडं तासभर. मग पूर्ण. शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट आणि क्लॅम्प परत आवळा, पहिल्या फेरीत ते ढिले होतातच. आणि पहिली ४५ लिटर संपली की गाडीचा कंपनीचा डिझेल फिल्टर बदला, मग नेहमीच्या वेळेवर.

पुढची निगा

टाकी भरलेली ठेवा नाहीतर पूर्ण रिकामी करून ठेवा. अर्धी टाकी पावसाळ्यात रात्रीच्या गारव्यानं आतून घामेजते, ते पाणी तळाला बसतं, पाणी आणि डिझेल जिथं भेटतं तिथं काळा चिकट शेवाळासारखा थर वाढतो आणि फिल्टर बंद पडतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदा, एरवी महिन्याला, तळाचा बोल्ट ढिला करून काचेच्या बाटलीत कपभर डिझेल काढा आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी असलं तर खाली वेगळी रेघ दिसते. दाजींच्या गाडीत पहिल्या पावसाळ्यात दोन बोटं पाणी निघालं होतं, झाकणाचं रबर उलटं बसलं होतं, ते सरळ केल्यावर गेल्या पावसाळ्यात बाटली तळापर्यंत स्वच्छ.